मुलाच्या रिपोर्टमध्ये ४७,एक्सवायवाय आलंय. 'गुन्हेगारी गुणसूत्र' म्हणतात ते खरं आहे का?

रातराणी

नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. बोलायला उशिरा लागला. अजूनही लांब वाक्य सुरू केलं की मध्येच अडतो, शब्द सापडला नाही की चिडून "जाऊ दे" म्हणतो आणि उठून जातो. उंचीला वर्गात सगळ्यांच्या वर. गणित बरं आहे, लिहिणं-वाचणं मात्र रडतखडत. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. आधी कान तपासून झाले, मग विकासतज्ज्ञ झाले, आणि शेवटी रक्ताची गुणसूत्र तपासणी झाली. रिपोर्टच्या तळाशी एकच ओळ: ४७,एक्सवायवाय. म्हणजे नेहमीच्या ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, एक वाय जास्तीचं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, स्पीच थेरपी चालू ठेवा. पुढचा पेशंट दारात उभाच होता, त्यामुळे मला काही विचारायचं सुचलंच नाही.

घरी आल्यावर दिरांनी मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. यांना म्हणे 'महापुरुष' म्हणायचे, 'खुनी गुणसूत्र' म्हणायचे. अमेरिकेत एकाने आठ नर्सेसना मारलं, त्याच्यात हेच होतं. स्कॉटलंडच्या तुरुंगात अशी माणसं भरलेली होती. वगैरे वगैरे.

त्यातच काल शाळेतून चिठ्ठी आली, रांगेत पुढच्या मुलाला ढकललं म्हणून. महिन्याभरापूर्वी मी ती चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली असती. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

या गुणसूत्राचा आणि गुन्हेगारीचा खरंच संबंध आहे का? मेंदूत नेमकं काय वेगळं होतं? आणि शाळेला हे सांगायचं की नाही? इथे जाणकार बरेच आहेत. कृपा करून मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका, जे आहे ते लिहा.

---

पट्टेरी

ताई, मी निवृत्त होईपर्यंत प्रयोगशाळेत गुणसूत्रंच मोजत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या आठ नर्सेसचं, कारण ते साफ खोटं आहे. रिचर्ड स्पेक नावाच्या माणसाने १९६६ साली शिकागोत आठ नर्सेसचा खून केला. उंच, तोंडावर मुरमांचे वण, बुद्धी बेताची. १९६८ साली वर्तमानपत्रांनी छापून टाकलं की हा एक्सवायवाय आहे. त्याची तपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा उत्तर ४६,एक्सवाय आलं, म्हणजे तुमच्या दिरांचं असेल तेच. पण आधीची बातमी पहिल्या पानावर आणि खुलासा कुठल्या तरी कोपऱ्यात, त्यामुळे आज इतक्या वर्षांनीही ती तुमच्या बैठकीच्या खोलीत वाचली जाते.

स्कॉटलंडचं प्रकरण मात्र खरं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तो तुरुंग नव्हता. कार्स्टेअर्स नावाचं कडक बंदोबस्तातलं सरकारी रुग्णालय होतं, बुद्धीने मंद आणि धोकादायक ठरवलेल्या माणसांसाठी. पॅट्रिशिया जेकब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १९७ पुरुषांची गुणसूत्रं पाहिली, त्यात ७ जण एक्सवायवाय निघाले. १९६५ साली 'नेचर'मध्ये तो शोधनिबंध आला आणि त्याच्या शीर्षकातच 'आक्रमक वर्तन' हे शब्द होते. सात म्हणजे साडेतीन टक्के. पुढे नवजात बाळांच्या पाहण्या झाल्या तेव्हा कळलं की मुलग्यांमध्ये हे प्रमाण साधारण हजारात एक असतं. म्हणजे तिथे ते खूपच जास्त होतं, यात वाद नाही.

पण 'आक्रमक' कशावरून? दोन वर्षांनी त्याच रुग्णालयातल्या एक्सवायवाय पुरुषांची गुन्ह्यांची कागदपत्रं बाकीच्या रुग्णांशी ताडून पाहिली गेली. माणसांवर हात उचलण्याचं प्रमाण या लोकांत कमीच निघालं. त्यांचे गुन्हे बहुतेक चोरीमारीचे. हा दुसरा निबंध कोणी वाचून दाखवत नाही.

शिवाय कुलपाच्या आत जाऊन मोजलं की कुलपाच्या आतलेच सापडणार. बाहेर नोकरी-धंदा करणारे, संसार करणारे एक्सवायवाय किती, हे तेव्हा कोणी मोजलेलंच नव्हतं. वैद्यकीय नोंदीतला पहिला एक्सवायवाय पुरुष १९६१ साली अमेरिकेत बफेलोला सापडला तो कसा, ऐका. चव्वेचाळीस वर्षांचा, सामान्य बुद्धीचा गृहस्थ. त्याच्या एका मुलीला डाउन सिंड्रोम होता म्हणून आईबापांची तपासणी केली, तर बापाच्या पेशींत एक वाय जास्त. पोलिसांचा काही संबंध नाही. ही गोष्ट चार वर्षं आधीची आहे, पण हिचा मथळा होत नाही.

तुमच्या हातात जो रिपोर्ट आहे तो कसा तयार होतो तेही सांगते, म्हणजे त्या एका ओळीचा बाऊ वाटणार नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस उबेत वाढवायच्या. त्या दुभंगायच्या ऐन बेतात असताना कोल्सेमिड घालून तिथेच थांबवायच्या, कारण गुणसूत्रं सुटी आणि आखूड दिसतात ती तेवढ्याच वेळात. मग पातळ क्षारद्रवात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिडने पक्क्या करायच्या, आणि वरून काचपट्टीवर थेंब सोडायचा. थेंब नीट पसरला तर गुणसूत्रं छान सुटी पडतात, नाही तर एकमेकांवर चढून बसतात आणि मग बसा डोळे फोडत. त्यानंतर ट्रिप्सिन हे विकर, गिम्सा हा रंग, आणि पट्टे दिसायला लागतात (माझं इथलं नाव त्यावरूनच). कार्स्टेअर्सच्या काळात हे पट्टेसुद्धा नव्हते. सगळ्यांत लहान गुणसूत्रांचा गट बघायचा. पुरुषात तिथे पाच हवीत: २१ ची जोडी, २२ ची जोडी आणि एक वाय. सहा दिसली की मान वर करायची. वाय ओळखू येतं त्याच्या लांब भुजांवरून, त्या एकमेकींना धरून सरळ खाली जातात. २१ आणि २२ च्या फाकलेल्या असतात. एवढंच दिसतं, ताई. त्या काचेवर स्वभाव दिसत नाही.

माझ्या टेबलावर जे एक्सवायवाय आले ते कशासाठी आले होते? कोणाला बोलायला उशीर, कोणाच्या आईचं वय जास्त म्हणून गर्भजल तपासणी, कोणाला मूल होत नाही म्हणून तपासणी. गुन्ह्याच्या कागदासोबत एकही आला नाही. (आमच्याकडे येणारेही निवडूनच येतात, म्हणून याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. तरी सांगितलं.)

आता मेंदू. जास्तीच्या वायबरोबर काही जनुकांची एक प्रत जास्त येते. उंचीचं त्यातल्या त्यात सोपं आहे: एक्स आणि वाय दोघांच्याही टोकाला 'शॉक्स' नावाचं जनुक असतं, ते हाडांच्या वाढीशी निगडित आहे, दोनाऐवजी तीन झाले की उंची वाढते. मेंदूच्या बाबतीत एकच जनुक दाखवता येत नाही. स्कॅनमध्ये एक्सवायवाय मुलांच्या मेंदूचं आकारमान सरासरीपेक्षा थोडं जास्त दिसतं, तर एक्सएक्सवाय (म्हणजे एक एक्स जास्तीचं असलेल्या) मुलांचं थोडं कमी. गंमत म्हणजे बोलण्यातली अडचण दोघांनाही असते, तेव्हा मोठा-लहान यावरून काही ठरत नाही. प्रत्यक्षात दिसतं ते तुम्ही लिहिलंच आहे: भाषा उशिरा, वाचनात अडचण, लक्ष न टिकणं, हातापायांचे स्नायू जरा सैल, काहींना ऑटिझमची लक्षणं. बुद्ध्यांक बहुतेकांचा सामान्य पट्ट्यातच, पण भावंडांपेक्षा काहीसा कमी. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन साधारणपणे नेहमीइतकंच असतं, त्यामुळे ते 'महापुरुष' प्रकरण तिथेच निकालात निघतं.

आवर घालणारा कपाळामागचा भाग तर कोणाचाच पंचविशीच्या आसपास जाईपर्यंत पूर्ण तयार होत नाही. तुमच्या मुलाची अडचण अशी की त्याला मनातलं सांगायला शब्द वेळेवर मिळत नाहीत. ज्याला "मी आधी उभा होतो" हे पटकन म्हणता येत नाही त्याचा हात आधी जातो. स्पीच थेरपी त्यासाठीच आहे, नुसत्या उच्चारांसाठी नाही. आणि अंगाने तो बारा वर्षांचा वाटत असणार, म्हणून शिक्षकही त्याच्याकडून बारा वर्षांच्या मुलाचा समंजसपणा मागत असणार. हे मी फार पाहिलंय.

चिठ्ठीचं काय? महिन्याभरापूर्वी जसं वाचलं असतंत तसंच वाचा. हे मी वरवरचं सांगत नाही. बोस्टनला १९६८ पासून एका प्रसूती रुग्णालयात जन्मणाऱ्या मुलग्यांची गुणसूत्रं तपासून एक्सवायवाय मुलं शोधायची आणि त्यांची वाढ बघत राहायची असा प्रकल्प चालू होता. जॉन बेकविथ आणि जोनाथन किंग या शास्त्रज्ञांनी त्यावर रान उठवलं. त्यांचं म्हणणं, आईबापांना एकदा सांगितलंत की मुलगा असा आहे, की ते प्रत्येक धिंगाण्यात तेच बघणार, आणि मग तुम्ही मोजताय काय, गुणसूत्राचा परिणाम की सांगण्याचा? १९७५ साली तिथली ही तपासणी बंद झाली. तुमची कालची रात्र मला त्या वादाची आठवण करून देते.

---

उंटावरचा_शहाणा

पट्टेरीताई, लिहिलंय छान, पण धागाकर्तीने 'जे आहे ते लिहा' म्हटलंय म्हणून. डेन्मार्कचा १९७६ चा अभ्यास तुम्ही गाळलात. तो तुरुंगातला नव्हता, सर्वसामान्य लोकांतला होता. एक्सवायवाय पुरुषांपैकी ४१.७ टक्क्यांवर गुन्हा नोंद, साध्या एक्सवाय पुरुषांत ९.३ टक्के. चौपटीहून जास्त. हेही सांगायला हवं ना? की गैरसोयीचं म्हणून राहिलं?

---

पट्टेरी

गैरसोयीचं नाही हो, लांबलं होतं म्हणून थांबले. बरं झालं काढलंत.

कोपनहेगनमध्ये १९४४ ते १९४७ दरम्यान जन्मलेल्या पुरुषांतले उंच निवडून विटकिन आणि सहकाऱ्यांनी चार हजारांहून जास्त जणांची तपासणी केली. घरोघर जाऊन! त्यात एक्सवायवाय सापडले बारा. बारा. त्यातले पाच जण गुन्हेगारी नोंदीत होते, त्याचे तुमचे ४१.७ टक्के. दशांश चिन्ह बघून वाटतं केवढा मोठा हिशेब असेल. आणि त्या पाचांपैकी दुसऱ्या माणसावर हात टाकल्याची नोंद एकाचीच. बाकी किरकोळ चोऱ्या वगैरे. लेखकांचा स्वतःचा निष्कर्ष असा होता की आक्रमकतेचा पुरावा मिळत नाही, बौद्धिक अडचणींचा धागा जास्त पटतो. यांतले काही जण गुन्हे करण्यापेक्षा पकडले जाण्यात जास्त पटाईत असावेत, अशीही शंका त्यांना होतीच.

मोठा आकडा हवा तर डेन्मार्कचाच २०१२ चा अभ्यास बघा. १६१ एक्सवायवाय आणि ९३४ एक्सएक्सवाय पुरुष, सरकारी नोंदवहीतून. शिक्षा होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत बाकीच्यांपेक्षा बेताचं जास्त निघालं. शिक्षण, जोडीदार, मुलंबाळं, कामधंदा यांचा हिशेब घातल्यावर एकूण प्रमाण इतरांच्या जवळपास आलं.

यावरून 'गुणसूत्राचा काही संबंध नाही' असं मी म्हणणार नाही, कारण शिक्षण अर्धवट सुटतं ते भाषा अडते म्हणूनच, आणि भाषा अडते ती गुणसूत्रामुळे. संबंध आहे, पण तो शाळेच्या दारातून जातो. रातराणीताईंचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि ते दार अजून त्यांच्या हातात आहे. खुनी गुणसूत्र असतं तर हातात काहीच नसतं.

आणि वायचाच हिशेब करायचा तर नीट करू. जगभरच्या तुरुंगांत नव्वद टक्क्यांहून जास्त पुरुष आहेत. म्हणजे सगळ्यांत मोठा फरक पहिल्या वायनेच पडतो. त्याला कोणी गुन्हेगारी गुणसूत्र म्हणालेलं ऐकलंय का? तुमच्याकडेही ते असावं असा माझा अंदाज आहे.

---

उंटावरचा_शहाणा

:) आहे. बारा जणांचं माहीत नव्हतं, मी टक्केवारीच वाचली होती.

---

जामीनपात्र

मी फौजदारी वकील. कोर्टाची बाजू थोडक्यात, कारण 'मेंदूने करवलं' हा बचाव दर काही वर्षांनी नव्या कपड्यांत येतो.

१९६८ साली फ्रान्समध्ये खुनाच्या खटल्यात एका आरोपीने एक्सवायवाय असल्याचं पुढे केलं. दोषी ठरलाच, सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी मेलबर्नला एक्सवायवाय असलेला एक आरोपी वेडसरपणाच्या कारणावरून सुटला. बस, वर्तमानपत्रांना तेवढं पुरलं. स्पेकची बातमीही त्याच वर्षातली, तेव्हा हवा कशी तापली असेल बघा.

नंतर गुणसूत्र मागे पडलं आणि जनुक आलं. १९९३ साली एका डच कुटुंबाचा अभ्यास आला. त्यातल्या अनेक पुरुषांत 'एमएओए' हे एक्स गुणसूत्रावरचं जनुक पार बंद पडलेलं होतं, बुद्धी कमी, आणि रागाचे झटके, आग लावण्यापर्यंत. ते फारच विरळा प्रकरण. पण या जनुकाचा एक मंद चालणारा प्रकार अगदी सर्रास आढळतो, कित्येक लोकसमूहांत तिसरा हिस्सा पुरुषांत. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या मुलांच्या अभ्यासात २००२ साली दिसलं की मंद प्रकार आणि लहानपणी झालेला छळ, दोन्ही एकत्र आले तर पुढे समाजविरोधी वागणं वाढतं. नुसत्या जनुकाने विशेष काही होत नाही. तरी २००९ साली इटलीत ट्रिएस्टच्या अपील कोर्टाने खुनाच्या एका आरोपीची शिक्षा एक वर्षाने कमी केली, आणि त्यात जनुकांच्या तपासणीचा वाटा होता.

मजा अशी की अमेरिकेतल्या १८१ न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला देऊन विचारलं गेलं (२०१२ साली छापून आलं). आरोपी मनोविकृत आहे एवढंच सांगितलं तेव्हा सरासरी १४ वर्षांच्या आसपास शिक्षा. मेंदूतलं आणि जनुकातलं कारण समजावून सांगितल्यावर १३ च्या आसपास. एवढ्या सगळ्या जीवशास्त्राचं मोल एक वर्ष. आणि त्याच पुराव्यावर सरकारी वकील म्हणू शकतो, "हा सुधारणार नाही, ठेवा आत."

माझं मत विचाराल तर कोर्टाला दोनच गोष्टी हव्या असतात: काय करतोय हे त्याला कळत होतं का, आणि स्वतःला थांबवता येत होतं का. त्याचं उत्तर गुणसूत्रांच्या मोजणीत नसतं. माणसाला समोर बसवूनच काढावं लागतं.

---

उंचच_उंच

मी स्वतः ४७,एक्सवायवाय. चाळिशी उलटल्यावर वेगळ्याच तपासणीत कळलं. बहुतेकांना जन्मभर कळत नाही असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते.

काम हिशेबतपासणीचं. गुन्हेगारी पूर्वेतिहास: चुकीच्या जागी गाडी लावणे. भांडकुदळ म्हणाल तर आमचा धाकटा आहे, आणि त्याची गुणसूत्रं छेचाळीसच.

लहानपण सोपं नव्हतं हे मात्र खरं. मोठ्याने वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. हात थोडे थरथरतात, अजूनही, त्यामुळे अक्षर कुत्र्यामांजराचं. सगळे म्हणायचे एवढा मोठा झालास आणि रडतोस? 'एवढा मोठा' म्हणजे आठ वर्षांचा. राग यायचा तो सांगता न आल्याचा. पट्टेरीताईंनी लिहिलेलं ते रांगेतलं वाक्य वाचून मी दोन मिनिटं थांबलो.

शाळेला काय सांगायचं यावर माझं स्पष्ट मत: अडचण सांगा, आकडा सांगू नका. भाषेचा विलंब आहे, लक्ष टिकत नाही, सूचना एकेक करून द्या, तोंडी परीक्षेत वेळ द्या. डॉक्टर किंवा थेरपिस्टच्या पत्रावर एवढं आलं की शिक्षकाचं काम भागतं. एक्सवायवाय ही अक्षरं शाळेच्या फाइलमध्ये गेली तर एखादे शिक्षक तुमच्या दिरांसारखे मोबाइल उघडून बसतील.

मुलाला मात्र सांगा. आज नाही, पण फार उशिराही नको, आणि तुमच्याच तोंडून. तो एक दिवस स्वतः शोधणारच, तेव्हा त्याला स्पेक आधी सापडायला नको.

---

रातराणी

सगळ्यांचे खूप आभार. शाळेसाठी पत्राचा मसुदा थेरपिस्टकडून करून घेते, आकडा वगळून. उंचच_उंच, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का? बरंच विचारायचंय.

एक राहिलं. घरात आता वेगळाच प्रश्न निघालाय, हे कोणाच्या घराण्यातून आलं? आमच्या दोघांचीही तपासणी करून घ्या असा आग्रह चाललाय. दुसऱ्या मुलाचा विचारही डोक्यात आहे, म्हणून विचारते.

---

उंचच_उंच

करा की, जरूर.

---

पट्टेरी

कोणाच्याच घराण्यातून नाही. शुक्रपेशी तयार होताना दुसऱ्या विभाजनात वायच्या दोन्ही प्रती एकाच पेशीत जातात. योगायोगाची चूक आहे, खाण्यापिण्याशी किंवा वागण्याशी संबंध नाही आणि आईच्या वयाशीही नाही. पुढच्या मुलात हेच होण्याची शक्यता इतर कोणत्याही जोडप्यापेक्षा विशेष वाढत नाही, त्यामुळे केवळ यासाठी आईबापांची गुणसूत्र तपासणी साधारणपणे करायला सांगत नाहीत. मनाच्या समाधानासाठी जनुकीय सल्लागाराला एकदा दोघांनी मिळून भेटा, दुसऱ्या मुलाबद्दल तिथेच विचारा.

आणि घराण्याचा विषय पुन्हा निघालाच तर एवढं लक्षात असू द्या की आईकडे वाय नसतंच. तुमच्या माहेरचा यात काडीचाही संबंध लावता येत नाही. यावर दीर काय म्हणतात ते इथे जरूर कळवा.